नऊ नंबरचं शेत

मी संशयी आहे असं घरात, कार्यालयात आणि आमच्या इमारतीच्या जिन्यात बोललं जातं. त्यात तथ्य नाही. मी छाननी विभागात आहे, एवढंच. गेली अठ्ठावीस वर्षं लोकांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि त्यांतली खाडाखोड, दोन वेगळ्या शाया, मागाहून कोंबलेली वेलांटी मी हुडकून काढतो. खाडाखोड दिसली की तिच्याशेजारी लिहिणाऱ्याची सही लागते. सही नसली की अर्ज परत. एकदा एका गृहस्थांनी स्वतःची जन्मतारीख जरा जास्तच दाबून लिहिली होती, तेवढ्यावरून मी त्यांचा अर्ज परत पाठवला. तारीख खरी निघाली. पण माणूस स्वतःची जन्मतारीख इतकी दाबून का लिहील, हे मला अजूनही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तर अशा माणसाच्या बैठकीच्या खोलीत एक चित्र आलं.

आमची ही चित्रकलेच्या वर्गाला कशी जायला लागली, का जायला लागली, एक्कावन्नाव्या वर्षीच का जायला लागली, ते सगळं मी गाळतो. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते आठ. पहिले काही महिने घरात फुलदाण्या आल्या, मग सफरचंदं आली, म्हणजे कागदावर. ती ओळखू यायची, त्यामुळे माझी काही हरकत नव्हती. मग एके दिवशी ही दारातून तिरकी होऊन आत आली, कारण हातातला कागद चांगला तीन फूट लांब होता. त्यावर सगळीकडे कोळसा फासलेला. काळं, करडं, मधेच पांढरं.

"काय आहे?" मी विचारलं.

"निसर्गचित्र."

"निसर्ग कुठाय?"

"अमूर्त आहे."

"म्हणजे आहे की नाही?"

खिळा ठोकून तिने ते माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर टांगलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेली. मीही ते चित्र तिथे आहे असं गृहीत धरून पेपर वाचू लागलो.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण शनिवारी बातमी आली की नगरसभागृहात भरणाऱ्या प्रदर्शनासाठी वर्गातल्या बावीस चित्रांमधून तीन निवडली गेली, आणि त्यात हे एक. ही बातमी सांगताना हिचा आवाज जरा बारीक झाला होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण हिची म्हणून एखादी गोष्ट कुणी निवडली, असं याआधी झालं नव्हतं. मला आनंद झाला. मी तो दाखवलाही. म्हणजे पेपर खाली ठेवला.

मग हिने माझ्यासमोर अर्ज ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत सभागृहाच्या खिडकीवर चित्रासह दाखल करायचा. अर्ज अपुरा असेल तर चित्र भिंतीवर लागणार नाही, असं खाली ठळक अक्षरात. अर्ज मला आवडला. नेटका होता. फक्त रकाना सात: 'चित्राचे सविस्तर वर्णन. किमान पन्नास शब्द.'

"हा तुम्ही भरा," ही म्हणाली.

"चित्र तू काढलंस."

"काढलं मी, आता सांगूही मीच? जन्मभर लोकांचं वाचता. एकदा माझं वाचा. नीट बघा आणि दिसेल ते लिहा."

"निदान विषय तरी सांग."

"नाही सांगणार. बघा," असं म्हणून ही हसली. ते हसणं मला ओळखीचं नव्हतं. तिथे पहिल्यांदा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मी खुर्ची पुढे ओढून बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'चित्रात काळे, करडे व पांढरे भाग आहेत.' सात शब्द. उरलेल्या त्रेचाळीस शब्दांसाठी मी अर्धा तास चित्राकडे पाहिलं आणि चित्राने माझ्याकडे. डावीकडे तीन उंचवटे होते, त्यांना डोंगर म्हणता आलं असतं. मधून एक ठिपक्याठिपक्यांची पांढुरकी रेघ वळत गेली होती. उजवीकडे खाली नांगरल्यासारख्या रेघा होत्या. वर आभाळ असायला हवं तिथे जाळी होती. आभाळाला जाळी का, हे मी कागदाच्या कडेला टिपून ठेवलं.

रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीच्या कागदावर सही घ्यायला आले. चित्र बघताच त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ही ओल कधीपासून आहे?"

"ते चित्र आहे."

"चित्राच्या मागे ओल असते, साहेब. ओल पुढे आली की तिला असाच रंग येतो. हे बघा, वरून उतरलीय, इथे पसरलीय आणि इथे फुगलीय. तुमच्या वरच्यांच्या न्हाणीघराचा पाइप." मी काही बोलायच्या आत ते वर गेले आणि पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना घेऊन खाली आले. डॉक्टर चिडूनच आले होते, पण चित्रासमोर उभे राहिले आणि एकदम शांत झाले.

"ही ओल नाही," ते म्हणाले. "हा खालचा जबडा आहे. हे तीन उंचवटे म्हणजे दाढा. हिरडी सुजलेली आहे. आणि ही पांढरी रेघ..." इथे त्यांनी वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. "रात्री दात खाता का तुम्ही?"

मी तोंड घट्ट मिटलं. पुढचा पाऊण तास ओल की जबडा यावर दोघांची जुंपली. शेवटी डॉक्टरांनी स्वतःचं न्हाणीघर तपासू द्यायचं मान्य केलं, ते एका अटीवर, की सेक्रेटरींनी त्यांच्याकडे येऊन दात दाखवावेत. दोघंही आपापल्या विषयात जाणकार होते, त्यामुळे मी रकाना सातमध्ये पेन्सिलीने लिहिलं: 'चित्रात ओल अथवा जबडा असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' हिने ते वाचलं, खोडरबर आणून माझ्या हातात दिलं आणि भाजी चिरायला बसली.

मंगळवारी ही वर्गाला गेली. जाताना म्हणाली, "फक्त हात लावू नका. कोळसा आहे, पुसतो. सर शुक्रवारी दुपारी त्याच्यावर फवारा मारणार आहेत, मग पक्का होईल." मी म्हटलं, मला काय करायचंय हात लावून. दार बंद झालं आणि मी चित्र भिंतीवरून उतरवलं. कागदपत्राची छाननी मागच्या बाजूने सुरू करायची, ही माझी जुनी पद्धत आहे. पुढच्या बाजूला माणसं सावध असतात.

मागे पेन्सिलीने, पुरुषी अक्षरात, लिहिलं होतं: 'पोत अप्रतिम. नजर हटत नाही. कुठून आणता हे सगळं?' आणि खाली सरांची सही.

मी खुर्चीत बसलो. पोत. आता पोत हा शब्द फार सांभाळून वापरावा लागतो. तो पोत असला तर कापडाचा किंवा मातीचा. ती पोत असली तर गळ्यातली, मण्यांची. एका क्रियापदाने उलगडा झाला असता: पोत आवडला किंवा पोत आवडली. सरांनी क्रियापदच टाळलं होतं. 'अप्रतिम' हा शब्द तर दोन्हीकडे चालतो. ज्याच्या मनात काही नाही असा माणूस क्रियापद का टाळेल? चित्रात कापड नव्हतं. माती होती म्हणावी तर ती कुठेय, हेच तर मी तीन दिवस शोधत होतो.

मी कपाटातला हिचा डबा उघडला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी हिला करड्या मण्यांची पोत आणली होती. ती डब्यात नव्हती. हिच्या गळ्यात होती का? सकाळी होती का? काल? अठ्ठावीस वर्षं आम्ही समोरासमोर बसून जेवतो, आणि हिच्या गळ्यात काय असतं ते मला सांगता येईना. साक्षीदार म्हणून मला कुणी उभं केलं असतं तर माझी फजितीच झाली असती. मी डबा होता तसा ठेवला.

मग मी कार्यालयाचं भिंग काढलं. ते घरी आणायला परवानगी नाही, पण प्रसंग तसा होता. आभाळातल्या जाळीपासून सुरुवात केली. जाळी विणलेली होती, एक धागा वर, एक खाली. पहिल्या डोंगरावर बारीक उभ्या रेघा, अगदी सरळ, आणि एका ठिकाणी एक रेघ गायब. मधल्या डोंगराला सुरकुत्या होत्या, चामड्याला असतात तशा. निसर्गात इतका सारखेपणा नसतो. मी कुठला निसर्गाचा अभ्यासक नाही, पण बनावट कागद मला कळतो. मग मी उजवीकडच्या शेतावर भिंग धरलं. नांगराच्या रेघा नागमोडी होत्या. सगळ्या सारख्याच नागमोडी. शेताच्या मधोमध एक चौकट, शंकरपाळ्यासारखी तिरकी. चौकटीत आकडा. नऊ. आणि शेताच्या खालच्या टोकाला चार ठिपके, त्यांतला एक किंचित तिरका. खिळे.

शेतात खिळे नसतात. खिळे टाचेत असतात. तो बुटाचा तळवा होता, पुरुषाचा, नऊ नंबरचा.

माझा नंबर आठ आहे. लग्नात आठ होता, आजही आठ आहे. दुकानदार विचारतो, ही सांगते 'आठ', मी पाय घालतो, बसतो. म्हणजे माझ्या घरात, माझ्या खुर्चीसमोर, माझ्या बायकोने काढलेल्या चित्रात दुसऱ्याच कुणाचा तरी पाय होता. पायाखालची जमीन सरकली म्हणतात. माझी जमीन समोर हातात धरलेली होती आणि तिच्यावर नऊ नंबर उभा होता. खरं सांगायचं तर मला रडूच आलं. पण मी छाननीचा माणूस. मी खातरजमा करायला अंगठा पुढे केला.

हात लावू नका, असं बजावलेलं मला अंगठा टेकल्यावर आठवलं. उचलला तेव्हा मधल्या डोंगराच्या ऐन माथ्यावर माझा ठसा उमटला होता, रेघारेघांसकट. मी फुंकर घातली. तो पसरला नाही, पण गेलाही नाही. रुमालाने टिपायला गेलो आणि वेळीच थांबलो. घाबरून टेबलावर हात टेकला तर तो अर्जावर, रकाना सातवर. तिथेही अंगठा. मी चित्र परत टांगलं, भिंग बॅगेत टाकलं, साबणाने हात धुतले आणि ही परत आली तेव्हा पेपर वाचत बसलो होतो. पेपर उलटा नव्हता, हे मी मुद्दाम तपासलं होतं. हिने चित्राकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "झालं का लिहून?"

"छाननी चालू आहे," मी म्हटलं. पोतीचं विचारायला तोंड उघडलं होतं, पण त्यातून भलतंच काही निघेल या भीतीने जेवणापर्यंत मिटून ठेवलं. जेवताना गळ्याकडे बघितलं. गळा मोकळा होता.

बुधवारी मी नऊ नंबरच्या शोधाला लागलो. सुरुवात आपल्या इमारतीपासून करावी म्हणून तळमजल्यावरून वर चढत गेलो. आमच्याकडे दारादाराबाहेर बुटांचे कप्पे आहेत. एकेक बूट उलटा करायचा, भिंग लावायचं, जागच्या जागी ठेवायचा. पहिल्या मजल्यावर सगळे सात-आठ. दुसऱ्या मजल्यावर एक नऊ, पण तळ गुळगुळीत. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींचा डावा बूट उचलला तर त्यावर नऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात दार उघडलं.

"काय शोधताय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नंबर."

"कुणाचा?"

"नऊ."

"नऊ नंबरचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर," ते म्हणाले, आणि मग त्यांना माझ्या हातातला त्यांचा बूट दिसला. मी तो त्यांच्या हातात दिला. चौकट नव्हती, खिळे पाच होते. "तुम्ही निर्दोष आहात," असं मी त्यांना सांगितलं, पण त्याने त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'एक सभासद जिन्यातील पादत्राणांची भिंगाने पाहणी करताना आढळले आहेत. कारण समजलेले नाही. सभासदांनी पादत्राणे घरात घ्यावीत.' सूचना मी दोनदा वाचली. खाडाखोड नव्हती, मजकूर खरा होता, आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. दातांच्या डॉक्टरांनी जिन्यात मला वाट दिली ती भिंतीला चिकटून.

हिनेही सूचना वाचली असणार. घरी आली आणि म्हणाली, "कोण असेल हो?"

"असेल कुणीतरी," मी म्हटलं.

गुरुवारी मी कार्यालयातून लवकर निघून वर्ग भरायच्या आधीच सरांकडे गेलो. सर म्हणजे एक किडकिडीत, पिकल्या केसांचे गृहस्थ. ते केरसुणीने कोळशाची भुकटी गोळा करत होते. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी मला ओळखलं.

"तुम्ही होय," ते म्हणाले. "तुम्हाला एकदा बघायचंच होतं मला." आणि मग त्यांनी बघितलं, पण चेहऱ्याकडे नाही. आधी माझ्या बॅगेकडे, मग खिशातल्या कंगव्याकडे, मग बराच वेळ माझ्या बुटांकडे. "वा," ते म्हणाले. "हेच का ते."

एका परक्या माणसाने आपल्याला पायापर्यंत न्याहाळावं आणि 'हेच का ते' म्हणावं, हे मी मनात टिपून ठेवलं. मी हातातली पेन्सिल मुद्दाम खाली पाडली आणि ती घ्यायला वाकलो. सर केर लोटताना चवड्यांवर बसले होते, त्यामुळे तळ दिसला. कापडी बूट, फार तर सहा नंबर, तळाला झेब्र्यासारखे पट्टे. सर सुटले. पण मला काही हलकं वाटलं नाही. सर सुटले म्हणजे हा आणखी तिसराच कुणीतरी होता.

"रकाना सात झाला का?" सरांनी विचारलं.

"एका मुद्द्यावर अडलोय."

"सापडेल. घरातलंच आहे सगळं." हे बोलून ते हसले. हिच्यासारखंच.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. ही दुपारीच चित्र घेऊन सरांकडे जाणार होती, तिथून फवारा मारून परस्पर सभागृहात. अर्ज मी घेऊन यायचा होता, भरून. "पाचच्या आत या," ती म्हणाली. आणि मग दारात थांबून म्हणाली, "नाही जमलं तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही." वाईट वाटून घेणाऱ्या माणसाचाच आवाज होता तो. मी मान हलवली. रकाना सातमध्ये त्या वेळी फक्त माझा अंगठा होता.

सभागृहासमोरच्या कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणारा बसतो. माझ्या खिशात नऊ नंबरचा नकाशा होता. चित्रावर पातळ कागद धरून, हात न टेकवता, मी तो शेताबरहुकूम उतरवून घेतला होता. साडेतीन वाजता मी तो त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो आधी उजेडाकडे धरला, मग उलटा केला. असा जाणकार माणूस मला पाच दिवसांत पहिल्यांदाच भेटत होता.

"डावा आहे," तो म्हणाला. "माणूस डावीकडे कलून चालतो. खांद्याला वजनदार बॅग असणार. टाच बाहेरून खाल्लीय."

"कुणाचा असेल?"

"नाव नाही माहीत. पण ही टाच मी ठोकलीय. हा खिळा बघा, तिरका. सरळ मारला तर त्यांना टोचतो."

"कुणाला?"

"ज्यांचा बूट त्यांना. एक बाई घेऊन येतात सहा-आठ महिन्यांनी. म्हणतात, तिरकाच मारा, नाहीतर घरात दिवसभर कुरकुर चालते आणि खिळा टोचतोय हेसुद्धा त्यांना कळत नाही, म्हणतात आज सगळे अर्ज वाईट होते."

"बाई दिसायला कशा आहेत?"

"चांगल्या आहेत. हल्ली बोटं काळी असतात त्यांची." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे, मग खाली. "डावा पाय वर करा, साहेब."

मी त्याच्या लाकडी पेटीवर पाय ठेवला. त्याने बूट काढून उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. नागमोडी रेघा, तिरकी चौकट, चार खिळे, त्यांतला एक कललेला. आणि मधोमध नऊ.

"माझा नंबर आठ आहे," मी म्हटलं.

"पायाला विचारा," तो म्हणाला आणि बूट परत दिला.

मी रस्ता ओलांडून गेलो तो कसा गेलो ते आठवत नाही. सभागृहाच्या बाहेर बाकावर ही बसली होती. शेजारी जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. मी समोर उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: मागची पेन्सिल, पोत, डबा, भिंग, बूट, सेक्रेटरी, सर. संशय हा शब्द मी वगळला होता, पण तो प्रत्येक वाक्यात होता. ही ऐकत होती. मला वाटलं, आता ही उठेल आणि निघून जाईल, आणि गेली असती तरी मला एक अक्षर बोलायची सोय नव्हती.

"अहो, नऊ नंबर तुमचाच आहे," ही म्हणाली. "बारा वर्षं झाली. आठ आखूड पडायला लागला होता, पण नऊ म्हटलं की तुम्ही पायच घालत नव्हता. म्हणून दुकानदाराला आधीच सांगून ठेवते, तोंडाने आठ म्हणेन, देताना नऊ द्या."

"आणि पोत?"

"कुठली? गळ्यातली ना? तुटली. दोरा कुजला होता. पावशेर मणी घरभर झाले तेव्हा तुम्ही पाय उचलून बसला होता, पेपर वाचत." मला अंधूक काहीतरी आठवलं. "ती चित्रात आहे. आणि सरांनी लिहिलंय तो पोत वेगळा. कागदाखाली वस्तू ठेवायची आणि वरून कोळसा फिरवायचा, मुलं नाण्यावर पेन्सिल घासतात तसं. जो उमटतो तो पोत. आता बसा. पन्नास मिनिटं आहेत."

तिने चादर सोडली आणि चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. मी बाकावर बसलो. चार दिवस मी त्या कागदात दुसऱ्याला शोधत होतो, त्यामुळे खरं म्हणजे मी तो पाहिलाच नव्हता. आता भिंग न घेता पाहिला. आभाळाची जाळी म्हणजे माझ्या वेताच्या खुर्चीची पाठ होती. मधे एक वेत सुटलाय, तिथे आभाळही उसवलं होतं. पहिल्या डोंगरावरच्या उभ्या रेघा म्हणजे माझा कंगवा, आणि गायब झालेली रेघ म्हणजे त्याचा तुटलेला दात. मधल्या डोंगराच्या सुरकुत्या माझ्या बॅगेच्या. ती ज्या कोपऱ्यात फाटली होती तिथे शिवणीचे टाके डोंगरावरून चढत गेले होते, पायवाटेसारखे. आणि या सगळ्यातून वळत जाणारी पांढुरकी रेघ म्हणजे पोतीतले मणी, एकेक करून ठेवलेले.

"आणि हे डोंगर?" मी विचारलं. "त्यांचा आकार?"

"रविवारी दुपारी तुम्ही आडवे होता ना, ते पायाकडून बघितलं की असं दिसतं. पाय, पोट, नाक."

मी पोटाकडे पाहिलं. म्हणजे मधल्या डोंगराकडे. त्याच्या माथ्यावर माझा अंगठा स्वच्छ दिसत होता.

"तो..." मी म्हटलं, "तो माझ्याकडून..."

"मंगळवारीच बघितला. दारात पाऊल टाकलं तेव्हाच. सर आज पुसून देणार होते, मी म्हटलं राहू दे, मारा फवारा वरून. त्यात तुमच्या सगळ्या वस्तू होत्या. तुम्हीच तेवढे नव्हता."

मी बॅगेतून अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवला आणि लिहायला लागलो. पन्नास शब्दांची अट होती, एकशे बारा झाले. ही मधेमधे वाकून बघत होती, पण एकदाही खोडरबर मागितलं नाही. पाचला सात मिनिटं असताना आम्ही खिडकीवर पोचलो.

खिडकीमागे जाड चष्म्याचे एक गृहस्थ होते. त्यांनी अर्ज आधी मागून बघितला, मग पुढून. माझी मान आपोआप ताठ झाली.

"हा काळा अंगठा कसला?" त्यांनी विचारलं. "सही येत नाही का?"

अठ्ठावीस वर्षं छाननीत काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि तेही रांगेतल्या चौघांसमोर. "चित्रावरही आहे," मी म्हटलं. "तिथला आणि इथला, दोन्ही एकाच माणसाचे आहेत." त्यांनी चित्राकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं आणि रकाना सात बोट ठेवून वाचायला लागले. खुर्ची, कंगवा, बॅग, मणी. निसर्गचित्रात बॅग कशी, असं एकदा पुटपुटले, पण मग चित्राकडे पाहून पुढे वाचू लागले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"'उजवीकडील शेत म्हणजे तिच्या नवऱ्याच्या बुटाचा तळवा, नंबर नऊ,'" त्यांनी मोठ्याने वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "इथे खाडाखोड आहे. आधी आठ लिहिलं होतं, त्याचं नऊ केलंय."

हात सवयीने आठ लिहून गेला होता. ही तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती, पण खांदे हलत होते.

"नियम आहे," गृहस्थ म्हणाले. "चूक ज्याची, त्याची सही लागते. चूक कुणाची?"

"माझी," मी म्हटलं, आणि नऊच्या शेजारी सही केली.